साडूच्या टाकीतलं फूल

दगड न धुता टाकीत सोडायचा निर्णय सर्वस्वी माझा होता. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण आमच्या घरात या विषयाची सुरुवात हल्ली इथूनच होते आणि मी मध्येच शिरलो तर मला पुन्हा पहिल्यापासून ऐकवण्यात येतं.

दगड म्हणजे साधा दगड नव्हे, जिवंत दगड. समुद्रातून काढलेला, भोकाभोकांत बारीकसारीक जीव राहत असलेला. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तो ठेवला की म्हणे पाणी आपोआप निरोगी राहतं. घाटकोपरच्या ज्या दुकानातून मी तो घेतला तिथला सुयोग नावाचा विक्रेता (टी-शर्टवर शार्कचं चित्र, आणि बोलण्याचा रुबाब असा की तो शार्क यानेच लहानाचा मोठा केलाय) मला म्हणाला, "सर, घरी गेल्यावर डायरेक्ट टाकू नका. आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचा, मग थोडे दिवस वेगळ्या टबात ठेवायचा. दगडाबरोबर फुकटे येतात."

"फुकटे?"

"किडे, खेकडे, काय काय. एकदा मेन टाकीत घुसले की वाट लागली समजा. औषधाची बाटली देऊ का?"

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी मार्तंड चिंदरकर. मूळ गाव मालवण तालुक्यातलं चिंदर. आमच्या सात पिढ्या समुद्रावर जगल्या, म्हणजे निदान जेवल्या. आणि समुद्रातला किडा कसा ओळखायचा हे मला घाटकोपरचा एक इसम शिकवणार, ज्याने समुद्र फक्त जुहूला भेळ खाताना पाहिला असणार. (माझा जन्म मुलुंडचा, बिऱ्हाड नाहूरचं, मला पोहता येत नाही, आणि गावी गेलो की मी चपला हातात धरून घोट्यापर्यंतच पाण्यात जातो. पण रक्त म्हणून काही चीज असतेच ना.)

"बाटली राहू दे," मी म्हणालो आणि दगड घरी आणून तस्साच टाकीत सोडला.

टाकी का घेतली, तर सुबोधमुळे. सुबोध माझा साडू, म्हणजे शर्मिष्ठाच्या थोरल्या बहिणीचा, इरावतीताईचा नवरा. साडू या नात्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. दोन बहिणींनी दोन वेगवेगळ्या चुका केल्या, एवढाच काय तो आम्हा दोघांमधला संबंध. बोरीवलीला नॅशनल पार्कच्या बाजूला त्यांचा फ्लॅट आहे आणि हॉलमध्ये भिंतभर प्रवाळाची टाकी आहे. जांभळी, हिरवी, गुलाबी प्रवाळं आणि त्यांत हिंडणारी नारिंगी माशांची एक जोडी. त्या पाण्याचं तापमान सुबोध दिवसातून जितक्यांदा बघतो तितक्यांदा मी माझ्या आयुष्यात कुणाच्याही कपाळाला हात लावलेला नाही.

या टाकीसमोर बसायची वेळ माझ्यावर चार वर्षं आली नव्हती, कारण चार वर्षं दोघी बहिणींचा अबोला होता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती रजा टाकल्या यावरून तो सुरू झाला. शर्मिष्ठा म्हणायची, ताई पाहुण्यासारखी यायची आणि चहा पिऊन जायची. ताई म्हणायची, शमूकडे काही सोपवायची सोय नाही, केलेलं बोलून दाखवते. सासूबाई गेल्या, भांडण तेवढं मागे राहिलं. मग या पाडव्याला अचानक ताईचा फोन आला. "शमू, आईचं पुरणयंत्र माझ्याकडे पडलंय. तुला हवंय का गं?"

पुरणयंत्र आमच्याकडे होतं. चांगलं स्टीलचं होतं. तरी शर्मिष्ठा "हवंय" म्हणाली आणि फोन ठेवून ओट्यापाशी उभी राहून कितीतरी वेळ रडली. मला काय बोलावं कळेना, म्हणून मी गॅस बंद केला. (दूध उतू जात होतं. त्याचंही श्रेय मला मिळालं नाही.)

त्याच संध्याकाळी आम्ही बोरीवलीला गेलो. बहिणी स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि मी हॉलमध्ये सुबोधच्या तावडीत सापडलो. त्याने मला पाण्यातलं मीठ समजावून सांगितलं. मला, चिंदरकराला, समुद्रातलं मीठ. परत येताना रिक्षातच मी शर्मिष्ठाला सांगितलं की आपणही अशी टाकी घेणार. ती त्या दिवशी इतकी आनंदात होती की हत्ती घेतो म्हटलं असतं तरी हो म्हणाली असती.

तर दगड टाकीत गेला आणि फुकटे यायला लागले. पहिली आली एक गोम. गुलाबी, केसाळ, वीतभर. शर्मिष्ठा म्हणाली, "चिमट्याने काढ." मी म्हणालो, चिंदरकर चिमटे वापरत नाहीत, आणि ती हाताने उचलली. त्या गोमेच्या अंगावर काचेच्या लोकरीसारखे काटे असतात. ते सगळे माझ्या बोटांत उतरले आणि पुढे आठवडाभर साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात मी एका बोटाने टाइप करत होतो. साहेबांना म्हणे कामाच्या वेगात फरक जाणवला नाही.

पण गोमेनंतर आलं फूल.

दगडाच्या फटीतून एक नाजूक, तपकिरी, पारदर्शक देठ वर आला आणि त्याच्या टोकाला पातळ पाकळ्यांचा झुबका उमलला. पाण्याबरोबर तो असा डोलायचा की बघत राहावं. मी त्याला ड्रॉपरने कोळंबीचा रस पाजला. फूल तो प्यायलं. मला भरून आलं. सुबोधने एकेक प्रवाळ विकत आणून लावलं होतं, आणि इथे समुद्र आपल्या माणसाला ओळखून स्वतःहून फूल पाठवत होता.

खात्री म्हणून मी फुलाचा फोटो मत्स्यपालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. एकाने लिहिलं, "ताबडतोब मारा." दुसऱ्याने लिहिलं, "फोटो हललाय." तिसऱ्याने लिहिलं, "नाइस सर." चौथ्याने सूर्योदयाच्या चित्रावर सुप्रभात घातलं. अशा माणसांकडून ज्ञान घ्यायची माझी तयारी नव्हती. मी ग्रुप सोडला आणि दशरथकाकांना बोलावलं.

दशरथकाका माझे चुलते, राहतात भांडुपला. जन्म गिरणीत गेला, पण आमच्या घराण्यात समुद्राविषयी अखेरचा शब्द त्यांचा. (चिंदर त्यांनी चौथीत असताना सोडलं. तरीही.) काकांनी टाकीसमोर वाकून, चष्मा वर-खाली करून फूल पाहिलं. मग खिशातून आपली दुतोंडी डबी काढली, एका तोंडातून तंबाखू, दुसऱ्या तोंडातून चुना घेतला, तळहातावर मळला, थाप मारली, बार भरला आणि मगच निकाल दिला.

"झिला, ह्या समुद्राचा फूल. आमच्याकडे खडपार खंडीभर असतत. पण घरात फुलला म्हणजे नशीब काढलंस."

समुद्राकाठच्या खडकांवरचं फूल, माझ्या नाहूरच्या घरात. घाटकोपर आणि व्हॉट्सअॅप, दोघांचाही निकाल लागला.

अशात सुबोध आणि इरावतीताईंचं कॅनडाला जायचं ठरलं. त्यांची मुलगी निधी तिथे शिकत होती, तिचा पदवीदान समारंभ होता. तीन आठवडे घर बंद राहणार होतं. ताईने घराची किल्ली शर्मिष्ठाच्या हातात ठेवली. शेजारी दोन घरं अगदी नात्यातल्यासारखी असताना तिने ती बोरीवलीहून नाहूरला आणून दिली. शर्मिष्ठाने ती किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, ताईचा व्हिडिओ कॉल यायचा आणि चार वर्षांचा साठलेला माल दोन्ही बाजूंनी खाली व्हायचा.

सुबोधने मला वेगळ्या सूचना दिल्या. "मार्तंडराव, दिवसाआड चिमूटभर खाणं घालायचं. बस. पाण्यात हात घालायचा नाही. काही टाकायचं नाही. काही काढायचं नाही."

"बघितलं तर चालेल का?" मी विचारलं.

"बघा ना," तो म्हणाला. "लांबून बघा."

हे मला लागलं. खरंच लागलं. माणूस कोत्या मनाचा असला की त्याला बदला सुचतो, पण मी मोठ्या मनाचा असल्यामुळे मला भेट सुचली. आपल्याकडे पद्धतच आहे. शेजारणीने मनीप्लांट छान आलाय म्हटलं की आपण काडी मोडून देतो, गवती चहाचा गड्डा देतो, ओव्याची फांदी देतो. सुबोधच्या टाकीत मधोमध, जांभळ्या प्रवाळाच्या शेजारी, एक जागा मोकळी होती. मी माझ्या फुलाचा ब्लेडने अर्धा भाग कापला. दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्धे ठणठणीत. (शंका मला तिथेच यायला हवी होती. दोन तुकडे केले तरी दोन्ही जगतात ते फूल नसतं, ती समिती असते.)

शर्मिष्ठा म्हणाली, "भावोजींनी काही टाकू नका सांगितलंय ना?"

"अगं, ते परक्यांसाठी."

"आणि तू कोण?"

"साडू," मी म्हणालो आणि फूल सुबोधच्या टाकीत रोवलं.

पहिल्या खेपेला ते उमललेलं दिसलं. पुढच्या खेपेला शर्मिष्ठा टाकीपाशी थांबली आणि म्हणाली, "मार्तंड, तू एकच लावलंस ना?"

"हो."

"मग ही कोण?"

शेजारच्या दगडावर तसलीच तीन-चार पिल्लं माना वर काढून बसली होती. त्याच्या पुढच्या खेपेला ती दगडभर झाली. जांभळं प्रवाळ अंग चोरून, मिटून बसलेलं. हिरव्याचा एक कोपरा पांढरा पडलेला. नारिंगी मासे टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून.

मी फोटो घेऊन घाटकोपर गाठलं. (ग्रुप सोडला होता, दुसरं जाणार कुठे.) सुयोगने फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "सर, हे तर ऐप्टेशिया. कीड आहे कीड. डंख मारते. बाजूची सगळी कोरल खलास करते. कुठे लावलंत?"

"साडूकडे."

त्याने माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. "कसल्यावरून भांडण झालं होतं?"

भांडण नव्हतं, भेट होती, असं सांगून मी स्वतःला आणखी खाली आणलं नाही. उपाय विचारला. त्याने लगेच फडताळातून परदेशी बाटली काढली. यातलं औषध इंजेक्शनच्या सुईने एकेका फुलाच्या तोंडात सोडायचं, फूल गिळतं आणि मरतं. म्हणजे कीड विकली याने आणि औषधही विकणार हाच. मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि मला मोठ्याने हसू आलं.

"हा तर चुना आहे."

"सर, पण प्युअर—"

"पानाच्या गादीवर मिळतो हा. चिंदरकराला चुना विकतोस?"

त्याने बाटली परत फडताळात ठेवली. अशा वेळी न बोलणाऱ्या माणसांचा मला हल्ली फार राग येतो.

घरी शर्मिष्ठाला सांगावंच लागलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताईने मला किल्ली दिली, मार्तंड. चार वर्षांनी. मला भावोजींच्या टाकीचं काही नाही रे. पण ती आली आणि हे बघितलं की म्हणेल, शमूकडे काही सोपवायची सोय नाही. आईच्या वेळेस हेच तर बोलली होती ती. पुन्हा बोलणं बंद झालं तर आता चालू करायला आमच्याकडे दुसरं पुरणयंत्र नाहीये."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "ती यायच्या आत टाकी लख्ख करून दाखवतो." या वाक्याने कुणाचाही धीर वाढत नाही हे मला नंतर कळलं.

आधी मी चिमटे घेतले. (चिंदरकर आता चिमटे वापरतात.) फूल धरून उपटलं की अर्धं हातात यायचं, अर्धं भोकात पळायचं, आणि जे पाण्यात सांडायचं त्या प्रत्येक कणातून नवं फूल यायचं. रक्तबीजाची गोष्ट लहानपणी ऐकली होती. तो राक्षस बोरीवलीत राहतो हे माहीत नव्हतं. त्या दिवसाअखेर मी बरीच फुलं उपटली होती आणि टाकीत पूर्वीपेक्षा दुप्पट होती.

मग चुन्याचा प्रयोग ठरला. सुईसाठी शर्मिष्ठाला घेऊन केमिस्टकडे गेलो.

"कोणाला द्यायचंय इंजेक्शन?" त्याने विचारलं.

"फुलाला," मी म्हणालो.

त्याने शर्मिष्ठाकडे पाहिलं. ती म्हणाली, "द्या हो. ते साधे आहेत."

चुना कुणाचा, तर दशरथकाकांचा. चुना किती पातळ, किती घट्ट, हे कळणारा दुसरा माणूस आमच्यात नाही. रविवारी संध्याकाळी काकांना रिक्षात घालून आम्ही बोरीवली गाठली. परतीला त्या दोघांचा आठवडा उरला होता. शर्मिष्ठाने टाकीचं झाकण काढलं. काकांना टाकीला लागून खुर्ची दिली. मी सुई घेऊन सज्ज झालो. काकांनी डबी काढून तिची दोन्ही तोंडं उघडली.

"काका, फक्त चुना," मी म्हणालो.

"माका चुनो शिकवतंस?"

"नाही, म्हणजे नुसता चुना. पाण्यात कालवून सुईत भरायचा."

"गप ऱ्हव."

त्यांनी तळहातावर चुना घेतला. एवढ्यात शर्मिष्ठाने मला विचारलं की आधी कुठलं फूल मारायचं, आणि मी तिला माझी व्यूहरचना समजावू लागलो. काठाकडून मध्याकडे यायचं, असं काहीतरी. तेवढ्या वेळात काकांच्या हाताने, काकांना न विचारता, जन्मभर जे केलं तेच केलं. डबीच्या दुसऱ्या तोंडातून चिमूट घेतली. अंगठ्याने मळली. आणि आम्ही वळून बघतोय तोवर डाव्या हातावर उजव्या हाताच्या दोन सणसणीत थापा मारल्या.

तंबाखूची भुकटी उडाली आणि थेट टाकीवर उतरली.

"काका," मी किंचाळलो. काका दचकले. त्यांचं कोपर टाकीच्या काठावर ठेवलेल्या डबीला लागलं, आणि डबी दोन्ही तोंडांनी उघडी अशी, डुबकन आत गेली.

पाणी आधी ताकासारखं झालं. मग तंबाखू सुटली आणि त्या ताकाचा चहा व्हायला लागला. आणि मग सुबोधच्या दगडांतून, त्या धुऊन-पुसून, औषधात बुडवून ठेवलेल्या दगडांतून, रहिवासी बाहेर पडायला लागले. गोमा निघाल्या. गोगलगाई पटापट खाली पडल्या. शेवटी एका भोकातून तळहाताएवढा काळा केसाळ खेकडा निघाला आणि काचेवर चढू लागला. म्हणजे सुबोधकडेही फुकटे होतेच. इतकी वर्षं लपून राहिले होते. खोटं कशाला बोलू, त्या आकांतातही मला क्षणभर बरं वाटलं.

शर्मिष्ठाने बाह्या वर केल्या. ताईची पिठाची चाळण घेतली आणि दोन झपाट्यांत नारिंगी मासे बाहेर काढले. सुबोधने खारं पाणी तयार करून कॅनमध्ये भरून ठेवलेलं होतं (असा माणूस). पण ते ओतायचं कशात? मी धावत जाऊन ताईचं तांब्याचं घंगाळ आणलं आणि सुयोगला फोन लावला. तो फोनवरून ओरडला, "तांबं नको सर, तांब्याने तर सगळंच मरतं." शर्मिष्ठाने क्षणाचाही विचार न करता ताईचा तांदळाचा मोठा प्लास्टिकचा डबा उचलला, आतले तांदूळ बेडरूममध्ये गादीवर ओतले, डबा विसळला, त्यात पाणी घातलं आणि मासे सोडले. मासे जगले. टाकीत दुसरं जे काही जगलं त्याचं नाव ऐप्टेशिया. ती तशीच डोलत होती. तंबाखू तिला मानवली असावी.

काका खुर्चीवरून उठले. टोपी सारखी केली, टाकीपुढे हात जोडले आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायला लागले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा. ह्या लेकरांनी जा काय केल्यानी, ता अजाणतेपणी केल्यानी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. सवयच आहे ती.

"ह्या घराची धनीण परदेशात आसा, तिका सद्बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हॅलो? सर?" फोनमधून सुयोग म्हणाला. "महाराज कोण?"

तेवढ्यात शर्मिष्ठाचा फोन वाजला. ताईचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ झाली होती.

मी म्हणालो, "उचलू नको. रेंज नाही म्हण. नाहीतर नाहूरला जाऊन आपली टाकी दाखवू, लांबून काय कळतंय." शर्मिष्ठाने माझ्याकडे पाहिलं. तिचे हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे झाले होते आणि डोळे लाल. मला वाटलं होतं ती घाबरली असेल. घाबरली होतीच. पण तिने फोन उचलला.

"शमू, माझ्याच घरी आहेस ना? सुबोधला टाकी बघायचीय गं. दाखव ना."

"ताई," शर्मिष्ठा म्हणाली, "आधी ऐकून घे. मार्तंडने टाकीची वाट लावली. त्याने एक कीड फूल म्हणून लावली. मग ती मारायला आम्ही चुना आणला, तर काकांची तंबाखूची डबी आत पडली. प्रवाळं गेली सगळी. चूक आमची आहे. तू माझ्यावर भरवसा ठेवलास आणि मी... तू बोल काय बोलायचंय ते. पण फोन ठेवू नकोस."

पडद्यावर ताईचा चेहरा अगदी स्थिर होता. मागे सुबोध दाढीचा साबण लावून उभा होता, त्याचाही हात तसाच राहिला होता. माझी मान आपोआप खाली गेली.

मग ताईने विचारलं, "मासे?"

"जगलेत. तुझ्या तांदळाच्या डब्यात आहेत."

"आणि तांदूळ?"

"तुझ्या गादीवर."

"कुठल्या बाजूला?"

शर्मिष्ठाने आत डोकावून पाहिलं. "भावोजींच्या."

ताईच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. हसता हसता तिने फोन उताणा ठेवला, आम्हाला कॅनडाचं छत दिसायला लागलं आणि नुसतं हसू ऐकू यायला लागलं. शर्मिष्ठा आधी रडली, मग तीही हसायला लागली. दोघींना बोलता येईना. "काकांनी... थाप..." एवढंच शर्मिष्ठाच्या तोंडून फुटायचं आणि पलीकडे पुन्हा फिसकायचं. छताच्या कडेने सुबोधचं अर्धं साबण लावलेलं तोंड येऊन एकदा खोल आवाजात म्हणालं, "मार्तंडराव, मी म्हटलं होतं, लांबून बघा." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

परत आल्यावर सुबोधने टाकी पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली. हल्ली मी त्यांच्याकडे गेलो की तो टाकी आणि मी यांच्यामध्ये उभा राहतो. माझी टाकी मी सुयोगला परत देऊ केली, तर तो दगडाकडे बघून म्हणाला, "सर, हे आम्ही दुकानात घेऊ शकत नाही." काकांनी नवी डबी घेतली. किल्ली शर्मिष्ठाकडेच राहिली, ताईने मागितली नाही.

आणि दोघींचे फोन चालूच राहिले. रोज, संध्याकाळी, तासभर. ताई बोरीवलीत आणि ही नाहूरला. सुरुवातीला मला वाटायचं, सासूबाईंच्या आठवणी निघत असतील. मी एकदा विचारलंही, "रोज काय बोलता गं एवढं?"

"आमचं आपलं काहीतरी," ती म्हणाली.

परवा तिने पोळ्या लाटता लाटता फोन स्पीकरवर टाकला होता. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. ताईचा आवाज आला, "हं, शमू, सांग. आज काय केलं मार्तंडरावांनी?"

"आज काहीच नाही गं," शर्मिष्ठा म्हणाली. "सकाळपासून पेपर वाचतोय."

"असं होय." ताईचा आवाज एकदम पडला. "मग ठेवू का? इकडे पण तसं काही नाही."

"थांब ना, ठेवू नकोस," शर्मिष्ठा घाईघाईने म्हणाली, आणि मग तिने मला इतक्या गोड आवाजात हाक मारली की मला लग्नानंतरचे दिवस आठवले. "मार्तंड, अरे, तो मिक्सर जरा उघडून बघतोस का? तुला जमेल ते."

मिक्सर सकाळी व्यवस्थित चालला होता. त्यात वाटलेली चटणी मीच खाल्ली होती. पण चार वर्षांचा अबोला मी पाहिलेला आहे, त्यापुढे एका मिक्सरचं काय एवढं. मी पेपर खाली ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलो.